साडूभाऊंची थंडीतली कॅराव्हॅन

दुबईत राहून थंडीला घाबरणारा माणूस अख्ख्या जगात एकच असेल, आणि तो नेमका माझा साडू निघावा! माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान डिस्कव्हरी गार्डन्समध्ये राहायचे. बाहेर अंगाची लाही लाही होत असायची आणि हे मॉलच्या दारात थांबून आधी कानाला मफलर गुंडाळायचे. सिनेमाला जाताना पिशवीत शाल. ऑफिसात डोक्यावरच्या एसीचं तोंड त्यांनी स्वतः पुठ्ठा चिकटवून बंद केलं होतं. मॅनेजरने जाब विचारला, तर यांनी डॉक्टरांचं सर्टिफिकेट पुढे केलं. माझी मुलगी म्हणायची, "बाबा, काका हॅज हिज ओन वेदर."

हा माणूस गेल्या हिवाळ्यात सेकंडहँड कॅराव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, शोधायला निघाला, तीही कडाक्याच्या थंडीत राहता येईल अशी. कारण ताई, म्हणजे त्यांची बायको. पूर्वी दर हिवाळ्यात दोघं पोरांना घेऊन दुबईपासून दोनेक तासांवरच्या जैसच्या उंच डोंगरावर तंबू ठोकायचे. वर दात वाजवणारा गारठा. हे कोपऱ्यात कुडकुडत बसायचे आणि ताई माहेरी आल्यासारखी खूश. पण कंबरेच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी तिला जमिनीवर झोपायची आणि गारठ्यात राहायची साफ मनाई केली, आणि डोंगर सुटला. त्यात आता हे रिटायर होणार, म्हणजे व्हिसा खलास, उन्हाळ्यात दोघं कायमचे मालवणला. डोंगराचा हा शेवटचा हिवाळा. ताईने अवाक्षर काढलं नव्हतं, पण ती उठून आत गेल्यावर साडूभाऊ मला हळूच म्हणाले, "तिला एकदा वर न्यायचंच आहे हो. झोपायला पलंग हवा आणि वारा आत येता कामा नये. बाकी मला काही नको."

मग काय, माझे शनिवार गेले. माझी गाडी मोठी, म्हणून कॅराव्हॅनचा पत्ता नसताना गाडीला मागे ओढायचा हुक बसवून झाला. शारजा, अजमान, जिथे जाऊ तिथे विकणारा मोठ्या अभिमानाने आधी एसी लावून दाखवायचा. हे म्हणायचे, एसी राहू द्या, हीटर दाखवा. मग भिंतीवर टिचक्या मारून जाडी बघायची, टाचेने तळ दाबून बघायचा, खिडकीला दुहेरी काच आहे का बघायची. पाण्याचे पाइप थंडीत गोठतात का, हेही विचारून झालं. एक पेशावरी डीलर बराच वेळ यांच्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "चाचा, इधर तो नल से चाय का पानी आता है."

शेवटची परीक्षा उदबत्तीची. दारं-खिडक्या बंद करून हे उदबत्ती लावायचे आणि प्रत्येक फटीजवळ धरायचे. धूर हलला की वारा आत येतो, म्हणजे गाडी नापास. अशा किती गाड्या नापास झाल्या, देव जाणे. मग एका अरबी म्हाताऱ्याच्या शेतावर युरोपातून आणलेली एक जुनी कॅराव्हॅन सापडली. खिडक्यांपाशी धूर सरळ वर गेला. दार तपासायचं राहिलं होतं, तेवढ्यात म्हाताऱ्याने आत डोकावून उदबत्ती पाहिली. हिंदुस्तानी माणूस गाडी घेतली की पूजा करतो, हे त्याला चांगलं ठाऊक. त्याने यांना मिठी मारली, "पूजा हो गया? मबरूक, मबरूक!" असं अभिनंदन करत कॉफी आणि खजूर मागवले. आता एवढ्या प्रेमाने खजूर भरवणाऱ्याला नाही कसं म्हणायचं? आमचे साडूभाऊ पडले भिडस्त. खजूर संपेपर्यंत कॅराव्हॅन त्यांची झाली होती. हीटर नव्हताच, आणि दाराखालून बोट जाईल एवढी फट.

पुढचा महिनाभर ते फटी बुजवत होते. दाराला रबर लावलं, आतून गोधड्या ठोकल्या. छतावरचा एसीसुद्धा काढून टाकला आणि तिथलं भोक बंद केलं. पैसे देऊन एसी काढून घेणारं गिऱ्हाईक मेकॅनिकने जन्मात पाहिला नसावा.

आणि खरोखर आम्ही वर गेलो. ताई कॅराव्हॅनमध्ये पलंगावर झोपली, साडूभाऊही तिथेच; मी, बायको आणि मुलगी शेजारी तंबूत. उजाडताना मी चहा घेऊन गेलो, तर खिडकी सताड उघडी. ताई उशांना टेकून तोंड बाहेर काढून बसलेली, नाक लाल झालेलं. मागे साडूभाऊ तिच्या खांद्यावर शाल धरून कुडकुडत होते.

"महिनाभर फटी बुजवल्या मी," ते माझ्याकडे तक्रार करत म्हणाले, "आणि ही बघा."

ताई वळलीसुद्धा नाही. म्हणाली, "खिडकी लावू नका हो. मालवणात ही थंडी कुठली मिळायची?"

साडूभाऊंनी तिच्या खांद्यावरची शाल नीट केली. मग म्हणाले, "सरक जरा," आणि तिच्या शेजारी बसून त्यांनीही खिडकीतून तोंड बाहेर काढलं. दात वाजत होते, पण हलले नाहीत. मी दोन्ही कप खिडकीत ठेवले. ऊन कॅराव्हॅनपर्यंत आलं तरी दोघं तसेच बसले होते, आणि आता खाली निघायला हवं, हे त्यांना कसं सांगावं, ते मला काही सुचेना.