साडूंची इंग्रजी

इंग्रजी कशी शिकावी हे आमच्या म्हसावदच्या साडूंइतकं अख्ख्या शहादा तालुक्यात कुणाला कळत नसेल. येत नाही ती फक्त इंग्रजी. पपईच्या बागेला ठिबक सुरू केलं, की ते मोबाइलवर अभ्यासाच्या पद्धतींची व्याख्यानं ऐकत बसतात. त्यांच्या मते माणसं तीन जातींची: पाहून शिकणारी, ऐकून शिकणारी आणि हात लावून शिकणारी. ही जात ओळखल्याशिवाय एबीसीडीला भिडणं म्हणजे माती न तपासता पपई लावणं. मी जेवताना ताटाकडे न बघता घास घेतो, एवढ्यावरून त्यांनी मला तिसऱ्या जातीत टाकलं आणि व्याकरणाचं पुस्तक नुसतं मांडीवर धरून बसायला लावलं. मध्यंतरी 'विचारच इंग्रजीत करायचा' ही पद्धत निघाली. साडू दिवसभर ओट्यावर गप्प. विचारच सुचेना! मेहुणीनं घाबरून डॉक्टर बोलावला, पण नंतर तिनंच मला हळूच विचारलं, "भाऊजी, हाई पद्धत चांगली शे. आखो एकदा चालू करता येई का?"

मग सुरतेत नर्स असलेल्या त्यांच्या मुलीनं तिथल्याच एका केरळी मुलाशी लग्न ठरवलं. केरळातून मुलाकडे राहायला आलेल्या व्याह्यांना ना मराठी येई, ना हिंदी; बोलायचं तर इंग्रजीतच. साडूंनी लगेच मुलीला फोन लावला, "तुन्हा सासरा देखीसन शिकस का ऐकीसन?"

"बाबा, त्या रिटायर व्हयनात. आते काहीच शिकतस नही."

लग्न म्हसावदलाच झालं. लग्नभर साडू व्याह्यांना चुकवत राहिले. कधी वाढप्यांवर ओरडायला जात, कधी मांडवाचे खांब हलवून बघत. निरोपाचं एक लांबलचक वाक्य तेवढं त्यांनी घोटून ठेवलं होतं. गाडी सुरू झाली आणि तेही विसरलं. खिडकीतून व्याह्यांचा हात घट्ट धरून ते कसेबसे बोलले, "माय डॉटर... नाइट... फिअर. लाइट ऑन. प्लीज."

व्याह्यांनी आपला दुसरा हात त्यांच्या हातावर ठेवला. "लाइट ऑन," ते म्हणाले. "एव्हरी नाइट." मागच्या सीटवर मुलीला हुंदका आवरेना.

धुरळा खाली बसल्यावर मी म्हटलं, "साडूभाऊ, बोललात की इंग्रजी!"

"इंग्रजी?" त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. "मी ते पोरबद्दल सांगी ऱ्हायनू व्हतू."

आणि मांडवातल्या रिकाम्या खुर्च्या ते एकावर एक रचू लागले.