बातामचं सीमोल्लंघन

बँकेत बसून दुसऱ्यांच्या कागदांतली खोट काढणाऱ्या माणसाने ऐतिहासिक कादंबरी लिहू नये, असा एखादा नियम हवा होता. तो नसल्यामुळे माझा मित्र मोकाट सुटला. आम्ही पुण्यात कॉलेजपासून एकत्र. सिंगापूरला आलो तेही बरोबरच आणि सुरुवातीला एकाच खोलीत करपलेला वरणभात खाऊन राहिलो. पुढे मी लग्न करून, पीआर म्हणजे इथला कायमचा रहिवासी होऊन हार्बरफ्रंटच्या एका जहाज कंपनीच्या हिशेबात रुतलो. तो सडाफटिंग राहिला आणि लेखनाच्या नादी लागला.

कादंबरी अशी: रत्नागिरीकडचे दोन खलाशी मित्र ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर जहाजातून पळ काढतात आणि सोनं शोधायला निघालेल्या झुंडीत घुसतात. पुढे दरोडेखोर, पूर, तंबूला आग, सगळं यथासांग. दर शनिवारी ईस्ट कोस्टच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या बाजारात बसून हा मला नवं प्रकरण वाचून दाखवायचा. दोघांपैकी एक उंच, निधड्या छातीचा, मोजकं बोलणारा. दुसरा ढेरपोट्या आणि सारखा जेवणाची चौकशी करणारा.

"हा दुसरा कोण रे?" मी विचारलं.

"काल्पनिक आहे," म्हणाला, आणि माझ्यासमोरच्या ताटांकडे बघत राहिला.

"बरं, सोनं कधी सापडणार यांना?"

"सोनं महत्त्वाचं नाही. मैत्री महत्त्वाची."

"मग खणतायत कशाला मरायला? रत्नागिरीत बसून करायची की मैत्री, फुकटात!"

यावर तो रुसायचा, माझ्या ताटातला शेवटचा घास उचलायचा आणि पुढचं पान उलटायचा. लेखक लोकांचं रुसणंही पोटभर असतं.

गेल्या वर्षी त्याची नोकरी गेली. बँकेने अख्खा विभागच गुंडाळला. नोकरीबरोबर इथे राहायचा परवाना, म्हणजे एम्प्लॉयमेंट पासही गेला आणि त्याच्या हातात महिन्याभराचा तात्पुरता पास आला. तेवढ्यात दुसरी नोकरी मिळाली तर ठीक, नाहीतर गाशा गुंडाळून पुणं. खोटं कशाला सांगू! या गावात मला 'अरे लेका' म्हणणारा तो एकटाच. ऑफिसात माझं नाव नीट कोणाला घेता येत नाही आणि घरी पोरं सिंगापुरी हेलात 'ओके लाह' म्हणून दार लावून घेतात.

आणि हा शहाणा काय करत होता? शेवटचं प्रकरण लिहीत होता. एक मित्र गावी परत निघालाय, दुसरा तिथेच राहणार, बंदरावर निरोप. एवढंच लिहायचं होतं आणि ते याला जमत नव्हतं.

"नोकरी शोध रे, गाढवा."

"शोधतोय. पण ताटातूट काही साधत नाहीये."

अखेर एका बँकेने मुलाखतीला बोलावलं, दसऱ्यानंतरच्या सोमवारी, समक्ष. त्याचा शर्ट मी माझ्या घरी आणून स्वतः इस्त्री केला. माझ्या लग्नातसुद्धा मी माझ्या शर्टाला हात लावला नव्हता. बायको बघतच राहिली.

आता दसरा. पुण्यातले लोक सोसायटीच्या फाटकाबाहेर चार पावलं जातात आणि सीमोल्लंघन झालं म्हणतात. आम्ही मात्र दरवर्षी हार्बरफ्रंटहून फेरी बोट पकडून समुद्रापलीकडे इंडोनेशियातल्या बातामला जायचो. खरीखुरी सीमा, पासपोर्टवर शिक्का! याचा आम्हाला कोण अभिमान! आपट्याची पानं लिटिल इंडियातही मिळत नाहीत, म्हणून माझ्या कॉन्डोच्या, म्हणजे इथल्या सोसायटीच्या बागेतला कांचन ओरबाडून न्यायचा, बोटीवर एकमेकांना सोनं द्यायचं, पलीकडे मासे हाणायचे आणि संध्याकाळी परत यायचं.

"यंदा राहू दे," मी म्हटलं. "मुलाखतीची तयारी कर."

"छे! साडेतीन मुहूर्तांतला मुहूर्त. आईने फोनवर बजावलंय, सीमा ओलांड, काम होईल. आणि मला बोट किनारा सोडते ते नीट बघायचंय. प्रकरणासाठी."

आई आणि साहित्य एका बाजूला झाल्यावर माझं कोण ऐकतंय?

निघताना सिंगापूरच्या बाजूला कोणी हटकलं नाही. जाणाऱ्याला कोण कशाला हटकेल? बोटीच्या मागच्या कठड्याला टेकून तो दूर जाणाऱ्या इमारतींकडे टक लावून बघत होता. मी त्याच्या हातात पान कोंबलं. "सोनं घे, सोन्यासारखा राहा, आणि सोमवारी जास्त बडबडू नकोस."

दिवस मजेत गेला. संध्याकाळी परतीच्या काउंटरवर एका मुलीने त्याचा पासपोर्ट पुढून मागून पाहिला आणि विचारलं, "सिंगापूरचा व्हिसा?"

याने ऐटीत पास दाखवला. तिने अगदी गोड आवाजात समजावून सांगितलं, की हा पास सिंगापुरात राहाल तोवरच चालतो. एकदा बाहेर पडलात की संपला. आता नवा व्हिसा काढायचा आणि तो काही आजउद्यात मिळणार नाही.

ज्याने 'बारीक अक्षरं वाचा' म्हणून बँकेतल्या माणसांना जन्मभर छळलं, त्याने स्वतःच्या पासवरची ओळ वाचली नव्हती. आमच्या सात पिढ्यांत असं सीमोल्लंघन कोणी केलं नसेल! मी बायकोला फोन केला, व्हिसाच्या एजंटला केला, जो नंबर सापडेल तो फिरवला. त्याने मुलाखतवाल्या बाईंना मेसेज टाकला. त्यांचं उत्तर आलं, समक्षच यावं लागेल, नाहीतर दुसरे उमेदवार आहेत.

तो बाकावर बसला. त्याने पासपोर्ट खिशात घातला. मग म्हणाला, "आता लिहिता येईल रे मला."

माझं डोकंच फिरलं. "चुलीत घाल ती तुझी कादंबरी! तू चाललास, कळतंय का तुला? शनिवारी मी काय करू? कोणाला शिव्या घालू? त्या रत्नागिरीच्या खलाशाला?"

"हळू बोल. लोक बघतायत."

"बघू देत!"

माझा आवाज फाटला होता. शेजारचं कुटुंब पिशव्या उचलून लांब जाऊन बसलं. तो हसायला लागला आणि हसता हसता त्याने चष्मा काढून तोंड पुसलं. शेवटच्या बोटीची घोषणा झाली.

"मी थांबतो आज," मी म्हटलं.

"आणि माझी खोली कोण आवरणार? तुझा बाप?" त्याने खोलीची किल्ली माझ्या खिशात टाकली आणि मला रांगेत ढकललं. "जा लेका. आणि फ्रिजमधलं श्रीखंड संपव, नासेल."

बोटीत मी खिडकीकडे पाठ करून बसलो.

हार्बरफ्रंटला पासपोर्ट तपासणाऱ्या यांत्रिक फाटकाला माझा चेहरा लगेच पटतो. त्याचा कधीच पटायचा नाही. दरवर्षी त्याला बाजूच्या काउंटरवर पाठवायचे, आणि मी पलीकडे खांबाशी उभा राहून, तो बाहेर आला की म्हणायचो, "काय, सोडलं का चोराला?" त्या दिवशीही मी फाटकातून आलो आणि खांबाशी जाऊन थांबलो. बोटीतली माणसं भराभर निघून गेली. मागून कोणी यायचं राहिलं नाही. वर्दीतला एक पोरगेला रखवालदार जवळ आला.

"अंकल, वेटिंग फॉर हू?"

"माय फ्रेंड."

"कमिंग ऑर नॉट?"

"नॉट कमिंग," मी म्हटलं, आणि तिथेच उभा राहिलो.