प्रेसवरचा लाल दिवा

शमीम खांद्यापर्यंत प्रेसच्या खिडकीत होती आणि वरचा दट्ट्या तिच्या पाठीवर बसला होता. मी इमर्जन्सी बटण दाबलं. त्यानं काय होणार? दट्ट्या हवेच्या दाबानं उचलला जायचा, आणि हवाच गेली होती. आम्ही चौघांनी पहारी लावून तो उचलला.

रांजणगावच्या एमआयडीसीत पुठ्ठ्याच्या कचऱ्याचे गठ्ठे बांधणारा हा प्रेस. शमीम राहू गावची, मी खुटबावची. कारेगावात एका खोलीत राहायचो.

दट्ट्या पत्र्याआड असायचा, दिसायचा नाही. तो पूर्ण वर गेला की लाल दिवा लागायचा. दट्ट्या हलवणाऱ्या हवेच्या सिलिंडरच्या आत लोहचुंबक असतो. तो बाहेर बसवलेल्या सेन्सरसमोर आला की सेन्सरमधला स्विच लागतो आणि त्यातलाच दिवा पेटतो. दिवा बघायचा, मग आत वाकून पुठ्ठा सारखा करायचा.

खंडेनवमीला मशीन धुऊन-पुसून पूजा व्हायची. त्या वर्षी साफसफाईला सेन्सर काढले आणि परत लावताना वरच्या सेन्सरच्या दोन वायरी उलट बसल्या. असा सेन्सर उलटा जोडला तरी स्विच चालतो. फक्त दिवा लागत नाही.

"साहेब, दिवा लागंना," मी सुपरवायझरला म्हणाले.

"मशीन चालतंय ना, मावशी?"

"चालतंय."

"मग? बघू पुढच्या शटडाऊनला."

तो गेल्यावर शमीम हसली. "अक्का, सायबाला लाईटबिलाची काळजी हाय. तुला कान हाईत न्हवं?"

कान होते. दट्ट्या वर पोचला की हवा सुटायची, फुस्स. त्या आवाजावर आम्ही वाकायला लागलो. सगळ्या शिफ्टच्या बाया तशाच वाकायच्या. दिवाळी गेली, संक्रांत गेली.

त्या सकाळी दट्ट्या अर्ध्यात असताना हवेचा पाइप फुटला. आवाज तसाच आला, फुस्स.

"आलं गं वर," म्हणत शमीम वाकली, आणि हवा गेलेला दट्ट्या आपल्या वजनानं तिच्यावर आला.

नंतर पुण्याहून मेकॅनिक आला. त्यानं पाइप बदलला, दट्ट्या वर नेला. मग तपकिरी वायर निळीच्या जागी घातली, निळी तपकिरीच्या. दिवा लागला. त्याला दिलेला चहा अजून गरम होता.

मशीन चालतंय म्हणजे मशीन ठीक आहे, असं नसतं. आता हे बोर्डावर लिहून लावलंय.

शिरूरच्या दवाखान्यात पोचायच्या आधी शमीम जीपमध्येच गेली. पहार निसटली तेव्हा माझी दोन बोटं तुटली. मी जगले.