चौदा आण्यांचा ढब्बू

आमच्या घाटंजीच्या गुरांच्या दवाखान्यात एक कंपाउंडर आहेत. त्यांना जुनी नाणी जमवायचा नाद. नाणं ते फक्त कडेनं, दोन बोटांत धरतात. "नाण्याच्या तोंडाले हात लावाचा नाही, भाऊ," हे मी शंभरदा ऐकलंय. मग खिडकीतल्या उजेडात काळ्या फडक्यावर ठेवून मोबाइलनं फोटो, आणि निकाल आण्यांत. झिजलेलं असेल तर सहा आणे, बरं असेल तर बारा. सोळा त्यांनी कधी कोणाला दिले नाहीत.

वडिलांच्या पेटीतला काळपट, तांब्याचा ढब्बू पैसा मी त्यांना एका संध्याकाळी दाखवला, तेव्हा त्यांनी तो दोन बोटांत धरून दोनदा उलटून पाहिला. मग म्हणाले, "चौदा आणे! उद्या सकाळी आणजा, उजेडात फोटो काढू."

मी अतिशहाणा. फोटो चांगला यावा म्हणून घरी चिंच-मीठ लावून तो लख्ख घासला.

सकाळी त्यांनी तो खिडकीशी नेला. "तो काळा रंग चढाले शंभर वर्सं लागले होते," एवढंच हळू म्हणाले. फोटो काढला, बहुतेक माझं मन राखायला. आणे सांगितले नाहीत. आणि परत देताना, सुटे पैसे देतात तसा, तोंडावर अंगठा ठेवून त्यांनी तो माझ्या हातात दिला.