मीठ हातावर देत नाहीत

कोरियन साहेब रोह्याला आले तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांना वय विचारलं. बायकांनासुद्धा. आमच्या साइट ऑफिसात आम्ही बाराजण, त्यात बायका दोनच, आणि दुसरीने तर वय लपवण्याची पूर्ण तयारी ठेवली होती. साहेबांपुढे तिचं काही चाललं नाही. त्यांनी एकेकाचं जन्मवर्ष वहीत लिहून घेतलं, मान हलवली आणि माझ्याकडे वळून दुसराच प्रश्न टाकला. "वडील काय करतात?"

"रिटायर्ड," मी म्हणाले. "सरकारी नोकरीत होते."

हे वाक्य मला पाठ होतं. कॉलेजात, इंटरव्ह्यूत, मैत्रिणींच्या घरी, सगळीकडे मी ते बोलून बसले होते. खरं म्हणजे माझे वडील त्या घडीला पेणच्या खाडीकाठी घोटाभर खाऱ्या पाण्यात उभे असणार. ते मिठागरात मीठ करतात. आजोबांनीही तेच केलं. त्या धंद्यात रिटायर व्हायची सोय नाही, माणूस थकला की बसतो एवढंच.

शाळेत मला पोरी 'मिठाची गोण' म्हणायच्या. मी तेव्हा जाडी नव्हते, म्हणजे टोमणा कशावर होता ते उघड आहे. सुट्टीत मीही बाबांबरोबर फावडं ओढायचे, टोपल्या वाहायचे, त्यामुळे टाचा भेगाळलेल्या असायच्या आणि सँडलमधून दिसायच्या. दहावी झाल्यावर मी टोपली खाली ठेवली ती पुन्हा उचलली नाही. बाबांनी कधी विचारलं नाही का म्हणून. त्यांनी विचारलं असतं तर बरं झालं असतं असं आता वाटतं.

तर साहेब. रोह्याजवळ एका कारखान्याची नवी शाखा उभी राहत होती, यंत्रं कोरियातून येणार होती आणि ती बसवून द्यायला हे दोन वर्षांसाठी आले होते. ड्रॉइंग आणि पत्रं सांभाळणं हे माझं काम. त्यांचं इंग्रजी तुटकं, माझं त्याहून तुटकं, म्हणून आमचं छान जमलं. त्यांना आमच्याकडचं काही म्हणजे काही कळत नव्हतं. ठेकेदार "हो हो साहेब, उद्या होऊन जाईल" म्हणायचा आणि साहेब खरंच दुसऱ्या दिवशी सकाळी आठला जागेवर जाऊन उभे राहायचे. तिथे चिटपाखरूही नसायचं. मग परत येऊन जो काही आवाज चढवायचे, बाहेरची कुत्रीसुद्धा उठून लांब जाऊन बसायची.

आणि आम्हाला त्यांचं कळत नव्हतं. साहेब उठल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही हा न लिहिलेला नियम त्यांच्या दोन कोरियन इंजिनियरांनी आम्हाला नुसत्या डोळ्यांनी शिकवला. माझी पेणची गाडी त्यापायी कितीदा चुकली याची गणतीच नाही. कुणालाही काहीही द्यायचं तर दोन्ही हातांनी. साधं स्टेपलरही. मला आधी हसू यायचं. महिनाभराने मी घरी रिमोटसुद्धा दोन्ही हातांनी दिला, तेव्हा आई म्हणाली, "काय गो, देवाचा परसाद हाय का यो?"

पण एक गोष्ट अशी झाली की माझं हसणं बंद झालं. साहेबांनी ठरवलं, दुपारचं जेवण सगळ्यांनी एका टेबलावर घ्यायचं. पहिल्या दिवशी डबे उघडले, वास सुटला, आणि साहेब हात मांडीवर ठेवून तसेच बसून राहिले. कोरियन इंजिनियरही. आम्हाला वाटलं प्रार्थना वगैरे असेल. मग साहेबांनी वहीतली जन्मवर्षं आठवून दाराकडे बोट केलं. तिथे आमचे पाणी भरणारे काका जमिनीवर डबा घेऊन बसले होते. डोंगराकडच्या आदिवासी वाडीवरचे, ऑफिसात सगळ्यांत वयस्कर. साहेबांनी त्यांना उठवून टेबलाच्या वरच्या टोकाला बसवलं आणि हाताने खूण केली की तुम्ही आधी. काका घाबरले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, भाकरीचा तुकडा मोडला, तोंडात घातला. त्यानंतरच साहेबांनी डब्याला हात लावला. त्या दिवसापासून दीड वर्ष, एकही दिवस न चुकता, चार पदव्यांची माणसं काकांच्या पहिल्या घासाची वाट बघत बसायची. मला ते बघताना रोज अंगावर काटा यायचा. आणि रोज वाटायचं, या माणसाला माझा बाप कोण ते कळलं तर? मीठवाल्याची मुलगी म्हणून नव्हे, खोटं बोलणारी मुलगी म्हणून ते माझ्याकडे बघतील, ही खरी भीती होती.

दुसऱ्या वर्षीच्या एप्रिलात मी डब्यात कैरीच्या फोडी नेल्या होत्या आणि कागदाच्या पुडीत घरचं जाडं मीठ. साहेबांनी फोड मिठात बुडवली, खाल्ली आणि थांबले. मग नुसत्या मिठाचा एक खडा जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले.

"हे कुठलं मीठ?"

"पेणचं."

"कोणी केलं?"

"गावात एक काका आहेत," मी म्हणाले. जीभ अशी सराईत झाली होती.

"मला त्यांना भेटायचं आहे," साहेब म्हणाले. "रविवारी."

मी पुष्कळ कारणं सांगितली. ऊन आहे, रस्ता खराब आहे, काका आजारी आहेत. साहेब म्हणाले, आजारी असतील तर मग गेलंच पाहिजे. झालं. रविवारी साहेबांची गाडी रोह्याहून निघाली, नागोठण्यावरून पेणला आली आणि मला स्टेशनपाशी घेऊन खाडीकडे वळली. मी ऑफिसचा कडक इस्त्रीचा ड्रेस घातला होता. का, ते माझं मलाच ठाऊक.

दुपार कलत होती. बाबा एकटेच होते. वाफ्यातलं पाणी आटून मीठ बसलं होतं आणि बाबा लांब दांड्याच्या लाकडी फावड्याने ते बांधाकडे ओढत होते. साहेबांनी बांधावर पाय ठेवायच्या आधी बूट काढले, मोजे घडी करून बुटात घातले. तिथे अनवाणीच उतरायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलं, मला कळेना. बाबांनी मान वर केली. मला पाहून त्यांचा चेहरा फुलला, तोंड उघडलं, पण ते काही बोलायच्या आधीच मी घाईने इंग्रजीत बोलून गेले, "सर, हे आमच्या गावचे अंकल."

अंकल हा शब्द कळायला शाळा लागत नाही. बाबांचं फावडं थांबलं. थोडंसंच. मग त्यांनी गमछाने तोंड पुसलं आणि म्हणाले, "या साहेब, या. मॅडम, तुमी बांधावर बसा. खाली पाय खराब होतील."

मॅडम! बापाने मला मॅडम म्हटलं. त्याक्षणी खरं सांगून टाकायला हवं होतं. मी बसले.

पुढचा अर्धा तास त्या दोघांना माझी गरज पडली नाही. साहेबांनी शेजारच्या वाफ्यातल्या पाण्यात बोट बुडवून चाखलं. बाबांनी दोन बोटं दाखवली, आणखी दोन दिवस. साहेबांनी आभाळाकडे आणि मग वाऱ्याकडे हात केला. बाबांनी मान हलवली, व्हय, वाऱ्यावरच हाय सगळं. मी त्या मिठागरात लहानपण काढलं आणि वाऱ्याबद्दल बाबांना कधी एक प्रश्न विचारला नाही. साहेबांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, फावडं मागितलं आणि वाफ्यात उतरले.

मीठ ओढायला जोर लागत नाही, हात लागतो. फावडं जरा दाबलं की खालचा चिखल वर येतो आणि मीठ काळं होतं. माझ्या हातून पाच वर्षं ते काळंच झालं. साहेबांनी फावडं तिरकं धरलं आणि मिठाच्या थरावरून अलगद ओढलं. मागे पांढरीशुभ्र रेघ आली. एक, दोन, तीन. सगळं ऑफिस ज्याच्या आवाजाला थरथरत होतं तो माणूस पाण्यात वाकून, ओठ घट्ट मिटून मीठ ओढत होता, आणि चिखलाचा ठिपका नाही. मी तोंड उघडं टाकून बघत राहिले.

बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "मॅडम, याचा बापूस मिठातला हाय. विचारा."

मी विचारलं. साहेब सरळ झाले. "हो. समुद्रकाठी. चाळीस वर्षं," ते म्हणाले, आणि हे सांगताना त्यांची छाती भरून आली होती. "यांना कसं कळलं?"

बाबा म्हणाले, "हात बघून. त्ये शिकवून येत नाय."

मी खाली बांधाकडे बघत राहिले. दुसऱ्या देशातल्या मीठवाल्याचा मुलगा बाबांनी तीन रेघांत ओळखला होता. त्यांची स्वतःची मुलगी मात्र मॅडम होऊन बांधावर बसली होती.

साहेब बाबांसमोर आले, मान खाली घातली आणि दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली. मीठ द्या म्हणून. वडीलधाऱ्याच्या हातून घ्यायचं म्हणजे असंच घ्यायचं, हे मला दीड वर्षात पाठ झालं होतं. पण बाबा एक पाऊल मागे सरकले. टोपलीतल्या मिठावरचा हात त्यांनी काढून घेतला आणि मान हलवली. "नाय नाय."

साहेब तसेच उभे. ओंजळ रिकामी. त्यांचे कान लाल झाले. वडीलधाऱ्याने नाकारलं म्हणजे आपलं काही मोठं चुकलं, एवढंच त्यांना कळत होतं, आणि ते मान वर करेनात. बाबा माझ्याकडे बघत होते. समजावून सांगणारं तिथे दुसरं कुणी नव्हतं.

"सर, ते तुमचा अपमान करत नाहीत," मी म्हणाले. "मीठ हातावर देत नाहीत. हातावर दिलं की दोघांचं भांडण होतं. खाली ठेवायचं आणि दुसऱ्याने उचलायचं."

"सगळ्या गावात असं आहे?"

"गावाचं माहीत नाही," मी म्हणाले. "आमच्या घरात आहे. मला यांनी आजवर कधी हातावर मीठ दिलं नाही. आमचं भांडण होऊ नये म्हणून. सर, हे माझे वडील आहेत."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी ठेकेदारासारखी ओरडा खायला तयार होते. त्यांनी दुमडलेली पँट खाली केली, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि त्या ओल्या बांधावर बाबांपुढे दोन्ही गुडघे टेकले. मग हात जमिनीवर ठेवून कपाळ हातांवर टेकवलं. बाबा गडबडले, "अरे अरे साहेब, उठा" करू लागले. साहेब सावकाश उठले, कपाळाला चिखल तसाच, आणि मला म्हणाले, "ओळख करून देताना आधी वडिलांकडे वळायचं. मी कोण ते त्यांना सांगायचं, मग ते कोण ते मला. तू उलटं केलंस." बस, एवढंच.

बाबांनी साहेबांच्या गाडीतला जेवणाचा स्टीलचा डबा मागून घेतला, काठोकाठ मीठ भरलं आणि बांधावर ठेवला. साहेबांनी तो दोन्ही हातांनी उचलला.

मी बाबांकडे बघायची हिंमत करत नव्हते. माफी मागायची तर सुरुवात कुठून करायची? दहावीपासून? बाबांनी उरलेलं मीठ टोपलीत भरलं, वरून थापटलं आणि टोपली माझ्या पायाशी आणून ठेवली.

"चल गो," ते म्हणाले. "उचल."

मी ओढणीची चुंबळ केली आणि टोपली डोक्यावर घेतली. ओल्या मिठाचं पाणी इस्त्रीच्या ड्रेसवर उतरायला लागलं. मागून बाबांचा आवाज आला, "पाय जपून टाक गो. बांध ओला हाय."