तर्जनी बाद

हसायचं नाही, एवढं आधी कबूल करा, मग सांगतो. तीन वर्षं कोलकात्यात काढल्यावर आपल्याला बंगाली येतं, असा माझा समज होता. त्याचं काय झालं ते ऐका.

उजव्या तर्जनीवर वाटाण्याएवढी गाठ आली. नुसता गार वारा लागला तरी जीव जायचा. बेहालातल्या डॉक्टरांनी विचारलं, "हिंदीत सांगू?" मी म्हटलं, "ना ना, बांगलातेई बोलुन." बायको सोबत येते म्हणत होती. तिला बाजारामुळे माझ्यापेक्षा चांगलं बंगाली येतं, म्हणूनच नेलं नव्हतं.

डॉक्टर बरंच बोलले. मला कळलं ते शेवटचं. "आंगुलेर गुटीटा बाद दिते होबे."

आंगुल. बाद. संपलंच की हो. आपल्याकडे बाद म्हणजे बाद, मग तो गडी असो नाहीतर बोट.

तबला वाजवणाऱ्याची तर्जनी गेली तर उरतं काय? वडिलांनी ह्याच बोटावर माझ्याकडून 'ना' हा बोल घोटून घेतला होता. वडील गेले, त्यांचा तबला तेवढा राहिला. त्या आठवड्यात खिदिरपूरच्या ऑफिसात सह्या करताना बोटाकडे बघून डोळे भरून यायचे.

"अहो, डॉक्टर नक्की काय म्हणाले?" बायको विचारायची.

"तुला नाही कळायचं."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी वडिलांचा तबला-डग्गा गल्लीतल्या क्लबला देऊन टाकला. सेक्रेटरी घोषबाबूंना म्हटलं, "आंगुल चोले जाच्छे." बोट चाललं. त्यांनी मिठी मारली. दोघंही रडलो.

ऑपरेशन झालं. मी डोळे मिटूनच विचारलं, "आंगुल कोथाय?"

"हातेई आछे," डॉक्टर चक्रावून म्हणाले. "आंगुल केनो बाद देबो?" बोट कशाला काढू, म्हणे.

गुटी म्हणजे गाठ. तेवढा एकच शब्द माझ्या बंगालीत नव्हता. रिपोर्टही आला: कर्करोग वगैरे काही नाही, स्नायूची साधी गाठ, बोटावर क्वचितच होणारी. बायको आधी रडली, मग दोन दिवस हसत होती. मला मात्र वडिलांचा तबला परत हवा होता, आणि दिलेली वस्तू मागायची कोणत्या तोंडानं?

टाके निघाले, बोट वळायला लागलं, तसा क्लबात गेलो. सगळं खरं सांगायचं ठरवूनच गेलो होतो. पण तोंड उघडायच्या आत घोषबाबूंनी तबला पुढे सरकवला. "आगे एकटू बाजान, दादा." आधी थोडं वाजवा म्हणे.

मी जीव ओतून वाजवलं. ते डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर डोळे पुसत म्हणाले, "नय आंगुले एर चेये भालो होय ना." नऊ बोटांत याहून चांगलं होत नाही.

मी मुकाट्यानं दहावं बोट खिशात घातलं.