पाच जागी आलेला शब्द

१४ नोव्हेंबर २००६, मंगळवार. सकाळी नळाला पाणी उशिरा. इस्त्रीवाला आला नाही. मुलीचं पत्र आलं, तिचा खोकला बरा आहे. उद्या अकराला सुनावणी. दुपारी पाकिटांचा खोका उघडला. भावजींशी बोलणं बंद.

एवढं लिहून डायरीबाईंनी पेनाला टोपण लावलं. मग न राहवून ते काढलं आणि ‘बंद’ या शब्दाखाली दोन रेघा ओढल्या. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरनी त्यांना दहाव्या वर्षी शिकवलं होतं, डायरीत कोण आलं, काय आलं, काय बिघडलं एवढंच लिहायचं. राग लिहायचा नाही. साठ वर्षं त्यांनी ते पाळलं. नवरा गेला त्या दिवशीसुद्धा पाळलं. पण भावजींपुढे कुठल्याही सिस्टरचा नियम टिकला नसता.

भावजी म्हणजे त्यांचे धाकटे दीर. छापखान्यात चौतीस वर्षं मुद्रितं तपासून निवृत्त झालेले, बिनलग्नाचे. मधलं दार उघडलं की त्यांची खोली. निवृत्तीच्या दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी रद्दीवाल्याकडून ग्रीक व्याकरणाचं पुस्तक आणलं आणि बायबलातल्या एका शब्दाला धरून बसले: पाराक्लेतोस. चर्चच्या पत्रकासाठी दोन पानांचा लेख लिहायचा होता. त्याला आता अकरा वर्षं झाली होती. पत्रकाचे तीन संपादक बदलले.

सुनावणीचं कारण वेगळं होतं. घराच्या नव्या मालकाने भाडे नियंत्रण कार्यालयात अर्ज केला होता, की बाई सात वर्षं मुलीकडेच राहतात, खोल्यांना कुलूप असतं, तेव्हा खोल्या परत मिळाव्यात. जुना मालक भाड्याच्या पावत्या देत नसे. डायरीवर कोण विश्वास ठेवणार? ती तर मुलीकडे बसूनही लिहिता येते. नाव, पत्ता आणि टपालाचा शिक्का असलेली पाकिटं मात्र चालतील, असं कार्यालयातून कळलं. डायरीबाई निर्धास्त होत्या. मुलगी दर महिन्याला पत्र लिही, आणि आलेलं प्रत्येक पाकीट त्यांनी भावजींच्या हाती देऊन कपाटावरच्या चपलांच्या खोक्यात जपलं होतं.

खोका उघडला तर एकही पाकीट अख्खं नव्हतं. सगळी उकलून, सपाट करून, बरोबर मधोमध कापलेली. आतल्या कोऱ्या बाजूवर मुंग्यांसारखं बारीक अक्षर.

“भावजी, हे काय?”

“कार्डं. कागद फार चांगला आहे, वहिनी. हल्ली मिळत नाही.”

“माझं नाव एका तुकड्यावर आणि शिक्का दुसऱ्यावर.”

“पण एकही तुकडा टाकलेला नाही,” भावजी समजूत घातल्यासारखे म्हणाले.

“तारखेने तरी लावलेत का?”

“तारखेने कशाला? वचनांप्रमाणे. पाच गठ्ठे आहेत.”

“पाच जागी आलेल्या शब्दाला अकरा वर्षं लागतात?”

“चार जागी शुभवर्तमानात. पाचवी जागा नव्या करारातल्या पत्रात आहे,” भावजींनी दुरुस्ती केली.

बोलणं बंद झालं ते तिथे.

सकाळी अडचण आली. त्या ढिगातून काही शोधायचं तर भावजींशिवाय इलाज नव्हता. डायरीबाईंनी चिठ्ठी लिहून दाराखालून सरकवली: साडेनऊला निघायचं. खोका घ्या. दार लगेच उघडलं. भावजी दाढी करून, कोट चढवून, खोका काखेत धरून उभेच होते.

बसमध्ये त्यांना रान मोकळं मिळालं. वहिनी बोलत नव्हत्या, म्हणजे थांबवतही नव्हत्या. ‘पारा’ म्हणजे बाजूला, ‘क्लेतोस’ म्हणजे बोलावलेला. अडचणीतल्या माणसाने आपल्या बाजूला बोलावलेला तो पाराक्लेतोस. शुभवर्तमानात प्रभू शिष्यांचा निरोप घेताना पवित्र आत्म्याला हे नाव देतो. पत्रात ते प्रभूलाच दिलंय. कोणी कैवारी म्हणतं, कोणी सांत्वन करणारा, कोणी वकील.

“आणि त्या काळी वकील म्हणजे फी घेणाराच असतो असं नाही, वहिनी. ओळखीचा माणूस नुसता शेजारी उभा राहिला तरी—”

डायरीबाईंनी खिडकीबाहेर तोंड फिरवलं. घर जायची वेळ आली आणि हे गृहस्थ ग्रीक शिकवतायत.

अधिकारी चाळिशीच्या बाई होत्या, चष्मा डोक्यावर सरकवलेला. खोका बघून मालक हसला. “मॅडम, ही तर रद्दी आहे.”

“ही लिपी कुठली?” अधिकारी बाईंनी एक तुकडा उचलला.

भावजींनी श्वास घेतला. डायरीबाईंनी टेबलाखाली त्यांच्या पायावर पाय ठेवला आणि तिथेच ठेवून दिला.

“बरं, आजी, मार्च दोन हजार एक,” अधिकारी म्हणाल्या.

डायरीबाईंनी त्या वर्षाची डायरी उघडली. “तीन तारीख. मुलीचं पत्र आलं, पाकिटाचा कोपरा फाटलेला.”

भावजींनी दोन वेगळ्या गठ्ठ्यांतून दोन तुकडे काढले आणि कडेला कड लावली. पोहोचल्याचा शिक्का तीन मार्चचा, पत्ता डायरीबाईंचा, कोपरा फाटका. दोन्ही तुकड्यांच्या कडेला एकच बारीक आकडा होता: सतरा.

अधिकारी बाईंनी आणखी सात महिने विचारले. सातही जुळले.

“आकडे घातले होते तर काल सांगायचं नाही का?” डायरीबाई कुजबुजल्या.

“काल तुम्ही बोलत नव्हतात.”

“सगळे जोडून फायलीला लावावे लागतील,” अधिकारी म्हणाल्या. “परत मिळणार नाहीत. आणि आमचं झेरॉक्स मशीन महिनाभर बंद आहे, आजोबा, आधीच सांगते.”

डायरीबाईंनी भावजींकडे पाहिलं. अकरा वर्षं त्या खोक्यात होती. दुसरी प्रत नव्हती. भावजींनी कोट काढून खुर्चीला लावला.

“टाचण्या मिळतील का?”

पाऊण तास ते जोड्या लावत बसले. पत्ता वर, ग्रीक खाली. एकदाही तुकडा उलटून वाचला नाही. चौऱ्याऐंशी पाकिटं झाली.

“आजोबा कोण तुमचे? वकील?” अधिकारी बाईंनी लिहिता लिहिता विचारलं.

भावजींनी तोंड उघडलं.

“दीर आहेत,” डायरीबाई म्हणाल्या. “मी बोलावलं म्हणून आलेत.”

अधिकारी बाईंनी तसंच लिहून घेतलं आणि खाली निकाल लिहिला: बाईंचं राहणं सलग, अर्ज नामंजूर. मालक सही करून निघून गेला.

बसच्या थांब्यावर रिकामा खोका भावजींच्या मांडीवर होता. डायरीबाईंना काहीतरी बरं बोलायचं होतं. तोंडातून निघालं ते वेगळंच.

“वही घ्यायला काय धाड भरली होती तुम्हाला?”

“वहीत पानं हलवता येत नाहीत.”

“मग आता?”

“आता पुन्हा,” भावजी म्हणाले. “तसं दुसऱ्या वचनात जरा घाईच झाली होती.”

डायरीबाईंनी कपाळाला हात लावला.

१५ नोव्हेंबर, बुधवार. खोल्या राहिल्या. इस्त्रीवाला आला, एक उशीचा अभ्रा कमी. काल आलेलं पाकीट उकलून सपाट केलं, कापलं नाही, भावजींच्या टेबलावर ठेवलं. कात्री बोथट झाली आहे.